बँकॉकचं सुवर्ण आणि संघाबाहेर गेलेला कर्णधार

डिसेंबर १९९८. बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यातला हॉकीचा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. आजच्या शूटआउटमध्ये खेळाडूला आठ सेकंद मिळतात, गोलरक्षकाला चकवायला वाव असतो. तेव्हा तसं नव्हतं. चेंडू गोलपासून सात यार्डांवर, गोलरक्षक रेषेवर, एकच फटका, आणि संपलं. आशिष बल्लाळ गोलात भिंतीसारखा उभा राहिला आणि भारताने ४-२ अशी बाजी मारली. आशियाई हॉकीचं सुवर्ण भारताला याआधी मिळालं होतं ते १९६६ साली, तेही बँकॉकमध्येच. मधली ३२ वर्षं कोरडी गेली होती. या संघाचा कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले. त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक गोलही त्याचेच.

त्यानंतर जो संघ निवडला गेला त्यात धनराज नव्हता. त्याच्याबरोबर आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू वगळले गेले. बल्लाळही त्यात होता. प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांनाही पदावरून दूर केलं गेलं. भारतीय हॉकी महासंघाचं अधिकृत म्हणणं असं होतं की ज्येष्ठांना विश्रांती दिली आहे. हॉकीच्या वर्तुळात मात्र कुणाला हे पटलं नाही. परदेश दौऱ्याआधी भत्ते अपुरे आहेत म्हणून धनराजने त्याच वर्षी आवाज उठवला होता. सुवर्ण जिंकून आल्यावर संघाचं झालेलं थंड स्वागत आणि न मिळालेलं मानधन यांवरही तो उघडपणे बोलला होता. त्याचीच ही शिक्षा, असं सगळीकडे बोललं गेलं.

या लेखात एवढ्या एका निर्णयाचा अभ्यास करायचा आहे. धनराजची कारकीर्द १९८९ च्या डिसेंबरपासून २००४ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे जवळपास १५ वर्षं चालली. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी आणि चार आशियाई स्पर्धा, हे चारही चौकार मारणारा तो एकमेव खेळाडू. या सगळ्यात १९९८-९९ चे काही महिने संख्येने किरकोळ वाटतील. पण भारतातला आंतरराष्ट्रीय हॉकीपटू नेमका कुणाच्या जिवावर उभा असतो आणि कुणाच्या मर्जीवर पडतो, हे या काही महिन्यांत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

खडकीतून मुंबईकडे

खडकी म्हणजे छावणी, दारूगोळा कारखाना आणि कामगारांच्या वसाहती. धनराजचे वडील तिथल्या आयुध निर्माणीच्या मैदानाची देखभाल करायचे. घर तमिळ, परिस्थिती बेताची, पाच मुलगे आणि पाचही हॉकी खेळणारे. आईचाच त्याला पाठिंबा होता. नवी स्टिक घेणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे मोडलेल्या स्टिका बांधून, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या चेंडूंवर हा मुलगा शिकला. बांधलेल्या स्टिकने चेंडूला जोरात फटका मारला तर ती पुन्हा मोडणार. त्यामुळे चेंडू स्टिकला चिकटवून पळणं, हाच खेळ होणार. भारताचा नावाजलेला आघाडीपटू मोहम्मद शाहीद हा त्याचा आदर्श होता आणि शाहीदची नक्कल करत तो ड्रिब्लिंग शिकला हे सगळ्यांना माहीत आहे. माझं मत असं, की त्याच्या खेळात शाहीदइतकाच वाटा त्या मोडक्या स्टिकांचा आणि उखणलेल्या मैदानांचाही असणार. खडबडीत जमिनीवर चेंडू उडतो, वळतो, दगा देतो. अशा जमिनीवर पूर्ण वेगात चेंडू ताब्यात ठेवायला शिकलेला माणूस पुढे कृत्रिम गवतावर आला, की बचावपटूंची काय अवस्था होत असेल याची कल्पना करावी.

थोरला भाऊ रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सकडून, म्हणजे आरसीएफकडून खेळायचा आणि भारताकडूनही खेळला होता. त्याच्या मागोमाग ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर धनराज मुंबईत आला. रमेशने त्याला घडवलं, मग महिंद्र अँड महिंद्रच्या संघात त्याला जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं. तिथून तो इंडियन एअरलाइन्समध्ये गेला आणि नोकरीचा प्रश्न सुटला.

मुंबईचं हॉकी तेव्हा कंपन्या, रेल्वे, विमान कंपन्या आणि तेल कंपन्यांच्या संघांवर चालायचं. चर्चगेटच्या मैदानावर आगाखान चषक आणि बॉम्बे गोल्ड कप रंगायचे. खेळाडूच्या कोट्यातून नोकरी लागली की महिन्याचा पगार सुरू, शिबिराला आणि दौऱ्याला भरपगारी रजा, निवृत्तीनंतरही खुर्ची शाबूत. गरीब घरातल्या मुलासाठी हॉकी म्हणजे आधी हीच नोकरी. देशाची जर्सी त्यानंतर. यात कमीपणा काहीच नाही. वडिलांचा कारखान्यातला पगार आणि मुलाचा विमान कंपनीतला पगार यांच्यामधला जो पूल, तो या खेळाने बांधून दिला.

खर्च कुणाचा, चावी कुणाकडे

हे प्रकरण समजून घ्यायचं तर नव्वदच्या दशकातल्या हॉकीपटूचा हिशेब मांडावा लागतो. त्याचं घर चालायचं मालकाच्या, म्हणजे विमान कंपनीच्या किंवा रेल्वेच्या पगारावर. शिबिरं व्हायची भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या जागेत. परदेश दौऱ्यांचा मोठा भार सरकारी मदतीवर. महासंघाकडून खेळाडूला थेट काय मिळायचं? दौऱ्यावरचा दैनिक भत्ता, आणि त्यावरच तर भांडण होतं. करार नाही, सामन्याचं ठरलेलं मानधन नाही, जिंकल्यावर काय मिळणार याचा कुठे लेखी उल्लेख नाही.

म्हणजे खेळाडू सांभाळण्यात महासंघाचा खर्चाचा वाटा सगळ्यात लहान होता. पण एक गोष्ट फक्त महासंघाकडेच होती: निवड. कुणी भारताकडून खेळायचं, कुणी घरी बसायचं, हे ठरवणारी दुसरी जागाच देशात नव्हती. परदेशातल्या क्लबकडून खेळायचं असेल तरी महासंघाचं ना-हरकत पत्र लागायचं. मालक पगार देतो पण निवडू शकत नाही, सरकार तिकिटं काढतं पण निवडीत बोलत नाही, आणि जो निवडतो त्याने खेळाडूला कसलंच लेखी वचन दिलेलं नाही. अशा रचनेत पैशाचा साधा प्रश्न विचारला तरी तो लगेच निष्ठेचा आणि शिस्तीचा प्रश्न होतो. दाद मागायला खेळाडूंची संघटना नव्हती. कर्णधाराकडे उरतो तो पत्रकाराचा माइक.

धनराजने तोच वापरला. त्याचा स्वभाव तापट, मनातलं लगेच ओठावर येणारा. मैदानावर रडणारा, भांडणारा, सहकाऱ्याला मिठी मारणारा माणूस. त्याने शांतपणे, योग्य वेळ बघून, दोन पायऱ्या वर जाऊन बोलायला हवं होतं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. त्या पायऱ्या होत्या कुठे? १९९४ पासून महासंघाचे अध्यक्ष के. पी. एस. गिल होते. पंजाबात पोलीस महासंचालक म्हणून गाजलेले, करड्या शिस्तीचे अधिकारी. महासंघाच्या कारभारात वरून आदेश आणि खालून पालन हीच रीत होती. तिथे खालून वर तक्रार जाण्याची वाटच आखलेली नव्हती.

आणि तो बोलू शकला यामागे एक व्यवहारी कारणही आहे, जे सहसा कुणी सांगत नाही. धनराजकडे इंडियन एअरलाइन्सची नोकरी होती आणि परदेशी क्लबांचं उत्पन्न होतं. कारकिर्दीत तो लंडनच्या इंडियन जिमखान्याकडून खेळला, फ्रान्समध्ये लिऑनकडून, जर्मनीत स्टुटगार्टर किकर्सकडून, मलेशियातल्या क्लबांकडून आणि ढाक्याच्या अबाहानीकडूनही. भारताबाहेर त्याची किंमत काय आहे हे त्याला माहीत होतं. संघातल्या विशीतल्या, नुकत्या नोकरीला लागलेल्या मुलाला हे बळ नव्हतं. त्या मुलाच्या वतीने बोलणं हे कर्णधाराचंच काम होतं, आणि त्याने ते केलं.

महासंघाची बाजू

न्यायाने बघायचं तर महासंघाचा युक्तिवाद अगदीच हवेतला नव्हता. १९९८ च्या मे महिन्यात उट्रेख्टच्या विश्वचषकात भारत नववा आला होता, तेव्हाही कर्णधार धनराजच होता. सिडनी ऑलिंपिक पावणेदोन वर्षांवर होतं आणि तोपर्यंत धनराज ३२ वर्षांचा होणार होता. पुढचा संघ बांधायचा असेल तर नव्या मुलांना संधी द्यावीच लागते. जगातले सगळे चांगले संघ हे करतात.

पण ते एका वेळी सात जणांना काढत नाहीत. ज्या प्रशिक्षकाने ३२ वर्षांनी सुवर्ण आणून दिलं त्यालाही त्याच वेळी काढत नाहीत. आणि खेळाडूशी आधी बोलतात. विश्रांती द्यायची तर ती किती काळाची, परतीची अट काय, हे सांगितलं जातं. इथे यातलं काहीच दिसत नाही.

यानंतरची पहिली मोठी कसोटी म्हणजे १९९९ च्या सुरुवातीची पाकिस्तानविरुद्धची मालिका. भारत नव्या संघानिशी उतरला आणि मालिका पाकिस्तानने जिंकली. त्यानंतर धनराज संघात परतला. सिडनीला तो गेला, मात्र कर्णधार म्हणून नाही. ती जबाबदारी रमणदीप सिंगकडे होती.

सिडनीची ती दोन मिनिटं

सप्टेंबर २०००. साखळीतला शेवटचा सामना पोलंडशी. जिंकलं की उपांत्य फेरी. १९८० च्या मॉस्कोनंतर भारताला हॉकीत ऑलिंपिक पदक मिळालंच नव्हतं. समोरचा संघ गटातला सर्वांत दुबळा. भारताने दुसऱ्या अर्धात आघाडी घेतली, १-०. तेव्हा सामना ३५-३५ मिनिटांच्या दोन अर्धांचा असे. घड्याळ शेवटच्या दोन मिनिटांत आलं आणि पोलंडने बरोबरी केली. भारत आणि कोरियाचे गुण सारखे झाले, पुढे गेला कोरिया. त्याच कोरियाने नंतर रौप्यपदक जिंकलं. भारत सातवा. धनराज मैदानावर ओक्साबोक्शी रडला.

या दोन मिनिटांचा दोष १९९८ च्या निर्णयाला चिकटवणं सोपं आहे आणि ते मी करणार नाही. हॉकीत शेवटच्या मिनिटाला गोल बसतात, तसे सगळ्यांवर बसतात. पण एक विचार मनातून जात नाही. एकच आघाडी हातात असताना शेवटची मिनिटं कशी काढायची, चेंडू कोपऱ्यात कसा नेऊन ठेवायचा, कुणी ओरडून कुणाला मागे बोलवायचं, या गोष्टी फळ्यावर शिकवता येत नाहीत. एकत्र खेळून, एकत्र हरून-जिंकून त्या अंगवळणी पडतात. बँकॉकला असा एक संघ तयार होत होता. त्याला सलग पावणेदोन वर्षं मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीत, एवढं तरी नक्की म्हणता येतं.

विश्रांतीची गरज होती का?

याचं उत्तर धनराजने पुढच्या पाच वर्षांत मैदानावर दिलं. २००२ मध्ये कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत चौथा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला चौतिशीतला धनराज. त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. अंतिम सामन्यात कोरियाकडून ३-४ अशी हार. २००३ मध्ये क्वालालंपूरला त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने पाकिस्तानला ४-२ ने हरवून आशिया चषक पहिल्यांदा जिंकला. ज्याला १९९८ च्या शेवटी थकलेला समजून बाजूला केलं, त्याची ही पुढची पाच वर्षं. मधल्या काळात त्याला देशाचा सर्वोच्च क्रीडा सन्मान, राजीव गांधी खेलरत्न, १९९९-२००० साठी मिळाला. म्हणजे सरकार ज्याला देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरवत होतं, त्याला महासंघाने नुकतंच घरी बसवून बघितलं होतं.

प्रशिक्षकांचं तर विचारूच नका. कौशिक सुवर्णानंतर गेले. मुंबईच्या सेड्रिक डिसोझांना २००२ च्या क्वालालंपूर विश्वचषकात स्पर्धा चालू असतानाच हटवलं गेलं. भारत दहावा आला. आशिया चषक जिंकून देणाऱ्या राजिंदर सिंग यांना अथेन्स ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना बदलून जर्मनीचे गेरहार्ड राख आणले गेले. अथेन्सला ३६ वर्षांचा धनराज बराचसा वेळ बाकावर होता. चौथं ऑलिंपिक, पुन्हा सातवा क्रमांक, आणि कारकीर्द संपली. बार्सिलोना सातवा, अटलांटा आठवा, सिडनी सातवा, अथेन्स सातवा. जगभरातले क्लब ज्याला बोलावून घेत, त्याच्या नावावर ऑलिंपिकचं एकही पदक नाही.

आणखी एक गोष्ट. धनराजने भारतासाठी किती गोल केले? साधारण १७० असं म्हटलं जातं आणि तो स्वतःही तेवढेच सांगतो. महासंघाकडे याची विश्वासार्ह अधिकृत नोंदच नाही. क्रिकेटमध्ये रणजी सामन्यातला प्रत्येक चेंडू लिहिलेला सापडतो. इथे देशाच्या सर्वांत मोठ्या आघाडीपटूचे गोल कुणी मोजून ठेवले नाहीत. भत्त्याच्या वादापेक्षाही मला हे जास्त लागतं. भत्ता द्यायला पैसे नसतील, वही ठेवायला काय लागतं?

तेच प्रकरण पुन्हा

१९९८ चा प्रश्न सुटला असता तर हा अभ्यास फक्त इतिहासापुरता राहिला असता. तसं झालं नाही. मार्च २००८ मध्ये चिलीतल्या सांतियागोला ब्रिटनकडून हरून भारत बीजिंग ऑलिंपिकला मुकला. भारतीय पुरुष हॉकी संघाशिवाय ऑलिंपिक, हे त्याआधी आठ दशकांत घडलं नव्हतं. प्रशिक्षक होते धनराजचे जुने गुरू कार्व्हालो. त्यांनी राजीनामा दिला. महिनाभरातच महासंघाचे सचिव निवडीसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडल्याचं प्रकरण बाहेर आलं, भारतीय ऑलिंपिक संघटनेने महासंघ निलंबित केला आणि गिल यांची राजवट संपली. निवडीची चावी एकाच हातात ठेवली की काय होतं, याचं यापेक्षा वेगळं उदाहरण द्यायला नको.

जानेवारी २०१०. दिल्लीच्या विश्वचषकाला दोन महिने राहिलेले, शिबिर पुण्यात बालेवाडीला. खेळाडूंनी थकीत पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला. जागासुद्धा बघा, धनराजच्या खडकीपासून फार दूर नाही! मात्र १९९८ पेक्षा एक मोठा फरक होता. यावेळी कर्णधार राजपाल सिंगच्या मागे अख्खा संघ एकत्र उभा होता. एकाला काढता येतं, सात जणांनाही काढता येतं. विश्वचषक घरच्या मैदानावर असताना सगळ्यांना कसं काढणार? तोडगा निघाला, पैसे मिळाले.

सप्टेंबर २०११ मध्ये चीनमधल्या ओर्डोसला भारताने पाकिस्तानला हरवून पहिली आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. शूटआउटमधला निर्णायक गोल मुंबईच्या युवराज वाल्मीकीचा. बक्षीस म्हणून प्रत्येकी २५,००० रुपये जाहीर झाले आणि खेळाडूंनी ते नाकारले. तेव्हा कुठे सगळ्या देशाला कळलं की मरीन लाइन्सला युवराजचं कुटुंब राहतं त्या घरात वीजच नाही. भारताला जिंकून देणारा खेळाडू, आणि मुंबईच्या मध्यात अंधारात राहणारं त्याचं घर.

बदल झाला, पण पैसा बाहेरून आला तेव्हा. २०१८ पासून ओडिशा सरकारने राष्ट्रीय संघांचं प्रायोजकत्व घेतलं. २०२१ मध्ये टोकियोत ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आलं, २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा कांस्य. २०२२ मध्ये हॉकी इंडियाने, म्हणजे जुन्या महासंघाच्या जागी आलेल्या संघटनेने, प्रत्येक विजयामागे खेळाडूला ५०,००० रुपये देण्याचं जाहीर केलं. धनराजने मागितलं होतं ते याच्याच जवळपासचं काहीतरी, २४ वर्षं आधी. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख रुपये मिळाले.

चर्चेसाठी

क्रीडा व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी आणि खेळाडू घडवणाऱ्यांनी या प्रकरणावर बोलताना स्वतःला आधी महासंघाच्या जागी ठेवून बघावं. तिजोरी रिकामी आहे, कर्णधार जाहीरपणे बोलतोय, ऑलिंपिक दोन वर्षांच्या आत आहे. पैसे नसतानाही तुम्ही काय देऊ शकला असता? मला तरी तीन गोष्टी दिसतात आणि तिन्हींना फार खर्च येत नाही: भत्त्याची लेखी रक्कम आणि तारीख, निवड समितीचे लेखी निकष, आणि वगळलेल्या खेळाडूला समोर बसवून सांगितलेलं कारण. मग कर्णधाराच्या जागी बसावं. २०१० च्या खेळाडूंनी जी एकजूट दाखवली ती १९९८ मध्ये शक्य होती का, जेव्हा अर्ध्या संघाची नोकरी नवी होती आणि घरच्या विश्वचषकासारखं कोणतंही हत्यार हातात नव्हतं? आणि आजचा प्रश्न असा, की आता पैसा बरा आहे, लीग आहे, प्रायोजक आहे. पण उद्या एखाद्या कर्णधाराने निवडीवर किंवा थकबाकीवर तोंड उघडलं, तर त्याची बाजू ऐकायला महासंघाबाहेरचं कोण बसलेलं असेल?